गाडीतलं तुटकं प्लास्टिक जोडताना या चुका टाळा

मागच्या एप्रिलात मी एसीच्या जाळीची एक पट्टी जोडायला बसलो आणि उठलो तेव्हा पाचही पट्ट्या जाम झाल्या होत्या. तुटली होती एकच. तिच्या टोकाची खुंटी, तुरीच्या डाळीपेक्षाही लहान, मोडून खाली पडलेली. फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद घेतला, एक थेंब सोडला. हा गोंद पाण्यासारखा पातळ. खुंटीवर थांबायच्या ऐवजी फटीफटीतून सरकत शेजारच्या पट्ट्यांच्या भोकांत जाऊन बसला. सकाळी बघतो तर काळ्या प्लास्टिकवर बुरशी यावी तसा पांढरा थर.

भाचा चिकलठाण्याला सिपेट या सरकारी संस्थेत प्लास्टिकचंच शिकतो. सुट्टीला परभणीला आला होता. त्यानं जाळी उलटीपालटी केली आणि म्हणाला, "मामा, मागं काय लिहिलंय ते वाचलं होतं का?" मी कशाला वाचतोय! तुटलं की गोंद लावायचा, एवढंच आपलं शास्त्र. त्यानंतर वर्षभरात घरातल्या आणि शेजारच्या चार-पाच गाड्यांची बारीकसारीक कामं केली. त्यात ज्या चुका झाल्या, त्या सांगतो.

मागचा शिक्का न वाचणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटी जन्मतात. डॅशबोर्डचा किंवा दाराच्या पॅनेलचा तुकडा काढला की त्याच्या मागच्या बाजूला बाणासारख्या दोन खुणांमध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसतात. एबीएस, पीपी, पीओएम, पीए (म्हणजे नायलॉन) असं काहीतरी. ते त्या प्लास्टिकचं कुळ.

एबीएस गोंदाला चांगलं धरतं. जाळ्या, मीटरभोवतीची चौकट, बटणांच्या पट्ट्या बहुतेक याच्या किंवा याच्या मिश्रणाच्या. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दाराचे पॅनेल, खालचे कप्पे, डिकीची आवरणं यात येतात. याचा पृष्ठभाग मेणासारखा, त्यावर झटपट गोंद नुसता बसतो, धरत नाही. नखानं उचकटला की पापुद्र्यासारखा निघून येतो. पीओएम तर त्याहून वस्ताद. क्लिपा, छोटे दाते, सरकत्या खुंट्या याच्या करतात, कारण ते गुळगुळीत असतं आणि झिजत नाही. गोंदही त्याच कारणानं घसरतो. तिथं वेळ घालवू नका, नवा भाग बघा.

शिक्का सापडला नाही तर लोक पाण्याची परीक्षा सांगतात: तरंगलं तर पीपी, बुडलं तर एबीएस. साध्या पीपीला हे लागू आहे. पण गाडीतल्या पीपीत बऱ्याचदा शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते. शिक्क्यावर 'पीपी-टीडी20' असलं म्हणजे त्यात 20 टक्के पूड आहे, आणि असं पीपी पाण्यात बुडूही शकतं. त्यापेक्षा आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाच्या काडीनं ॲसिटोन लावून बघा. चिकट झालं तर एबीएस. काहीच झालं नाही तर बहुधा पीपी. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर बाटलीवर ॲसिटोन लिहिलंय का ते बघून घ्या, सगळ्यांत नसतं. आणि हे मीटरच्या काचेजवळ करू नका. ती काच प्लास्टिकचीच असते, एका थेंबात दुधासारखी होते.

तुटलं का, हे न विचारणं

माझी पट्टी हातानं मोडली, हे खरं. पण मोडली का? जाळीच्या मागं सगळ्या पट्ट्यांना बांधणारी एक बारीक जोडपट्टी असते. शेताच्या रस्त्यानं ये-जा करणाऱ्या गाडीत काळ्या मातीची धूळ तिच्यात जाऊन बसते. जोडपट्टी जड होते, आपण पट्टी दाबतो आणि सगळा जोर त्या डाळीएवढ्या खुंटीवर येतो. धूळ न काढता खुंटी जोडली असती तरी आठ दिवसांत पुन्हा मोडलीच असती.

क्लिपांचंही तसंच. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो. अशा सकाळी दाराचं पॅनेल ओढलं की क्लिपा फुटाण्यासारख्या फुटतात. गाडी तासभर उन्हात उभी करा, मग काढा. ओढताना पॅनेलच्या मध्याला नाही, क्लिपेच्या अगदी शेजारी धरा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी घाला, ओरखडे वाचतील.

डॅशबोर्ड पॉलिशवर गोंद

चमकदार डॅशबोर्ड सगळ्यांना आवडतो. त्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं आणि त्यावर काहीही धरत नाही. भांड्यांच्या साबणानं धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. थिनर आणि पेट्रोल नको. एबीएसला पेट्रोल लागलं की त्यात बारीक तडे जातात, कधी लगेच, कधी महिन्यानं.

पॉलिश पेपर घासायचा तो जोडाच्या आजूबाजूला, मागून पट्टी लावणार तिथं. तुटलेली कड मात्र घासू नका. तिचे दाते एकमेकांत बसतात, तीच तुमची मापपट्टी. ती घासली की जोड तिरपाच बसणार.

जास्त गोंद म्हणजे जास्त मजबुती

असं नसतंय. झटपट गोंद पातळ थरातच धरतो. जास्तीचा गोंद वाफ होऊन आजूबाजूला बसतो आणि तो पांढरा थर येतो. गंमत म्हणजे गुन्ह्याच्या तपासात बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. म्हणून आपण जिथं हात लावलेला असतो तिथं थर जास्त उठून दिसतो. भाग गाडीतून बाहेर काढा, पंख्याच्या वाऱ्यात जोडा, टाचणीच्या टोकानं गोंद लावा.

सांडलेला गोंद कापसानं किंवा सुती चिंधीनं पुसू नका. सुती धाग्याशी हा गोंद भराभर घट्ट होतो आणि इतका तापतो की धूर निघतो, हात भाजतो.

गोंदावर खाण्याचा सोडा भुरभुरायची युक्ती मात्र खरी आहे. क्षणात दगडासारखं होतं. पण दगडासारखंच, म्हणजे वाकत नाही. फट किंवा खड्डा भरायला उत्तम. वाकणाऱ्या कानाला (भाग अडकवायला पुढं आलेल्या तुकड्याला) किंवा क्लिपेला लावलं की पहिल्याच दाबात ताडकन तुटतं.

जोड गोंदावर सोडणं

माझी पट्टी शेवटी अशी जमली. पट्टीच्या टोकाला तापवलेल्या सुईनं सरळ भोक पाडलं, त्यात यू-पिनेचा चार मिलिमीटर तुकडा घातला, दोन मिलिमीटर बाहेर ठेवला. तीच नवी खुंटी. गोंद फक्त पट्टीच्या भोकात, आणि बसवायच्या आधी चौकटीच्या भोकात मेणबत्तीचं मेण घासून ठेवलं, म्हणजे चुकून गोंद गेला तरी तिथं धरायचा नाही. अर्ध्या तासाचं काम. आधीच्या गोंदानं जाम झालेल्या पट्ट्या सोडवायला मात्र रविवारचा अख्खा दिवस गेला. एक तर अजूनही थोडी अडते.

कान किंवा कडी तुटली असेल तर मागून आधार द्या. एबीएस असेल तर भंगारातल्या एबीएसचे बारीक कीस ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा, मधासारखं घट्ट होतं. ते लावलं की भाग एकजीव होतो, फक्त वाळायला एक-दोन दिवस द्या. पीपी असेल तर वितळवूनच जोडावं लागतं. सोल्डरिंगच्या टोकानं मागच्या बाजूला स्टेपलरची पिन आत दाबायची, वरून त्याच जातीचं प्लास्टिक पातळ ओतायचं. इथं सगळ्यांची आवडती चूक: केबल टाय वितळवून लावणं. टाय नायलॉनचा असतो. पीपीत तो मिसळत नाही, फक्त वर गोळा होऊन बसतो. पीपीला पीपीच हवं. हे काम अंगणात करा, बंद गाडीत बसून धूर ओढू नका.

मे महिना विसरणं

जानेवारीत जोडलेलं मे महिन्यात का गळतं? उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या वर जातो. ग्लू गनची साधी कांडी त्याच्या आसपास मऊ पडते, वजन असेल तर त्याआधीच सरकते. शेजारच्या काकांच्या गाडीत मोबाईलचा स्टँड ग्लू गननं बसवला होता, अक्षयतृतीयेच्या आधीच तो एसीच्या बटणांवर येऊन लोंबायला लागला. दोन नळ्यांच्या साध्या इपॉक्सीचे बरेच प्रकारही 50-60 अंशांपासून सैल पडतात. म्हणून जिथं वजन आहे तिथं स्क्रू, पिन किंवा पट्टी असलीच पाहिजे.

इपॉक्सी घेतलीत तर दोन्ही नळ्यांचं प्रमाण पाकिटावर असेल तसंच ठेवा. हार्डनर, म्हणजे घट्ट करणारी नळी, जास्त टाकल्यानं लवकर वाळत नाही, चिवट रबरासारखं राहतं. वरून घट्ट वाटलं तरी 24 तास हात लावू नका. आणि उन्हाळ्यात थोडं थोडंच कालवा, वाटीतच घट्ट व्हायला लागतं.

जिथं हात लावायचाच नाही

स्टिअरिंगच्या मधलं झाकण, डॅशबोर्डवरची एअरबॅगची झडप, पडदा-एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत खिडकीच्या खांबावरचं आवरण, सीटबेल्टचं कुलूप. चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली, त्यामुळं आता साध्या गाडीतही ही जागा असतेच. एअरबॅगचं झाकण ठरलेल्या रेषेवर फाटायला केलेलं असतं. आपण मागून इपॉक्सी आणि जाळी लावून ते 'मजबूत' केलं तर ऐन वेळी ते उघडणार नाही, नाहीतर त्याचा तुकडा तोंडावर येईल. एअरबॅगच्या वायरचा पिवळा कनेक्टर दिसला की हात मागं घ्या आणि गाडी मेकॅनिककडं न्या.

दाराची आतली मूठसुद्धा मी जोडत नाही. नवी महाग नसते, आणि अडचणीच्या वेळी दार आतून उघडलंच पाहिजे. साध्या क्लिपा तर जोडायच्याही नसतात. जुनी बरोबर घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा, कारण खालच्या दात्यांची जाडी डोळ्यानं लक्षात राहत नाही. पाच लागत असतील तर आठ घ्या. पॅनेल पुन्हा बसवताना दोन तरी मोडतात, आमच्याकडं तरी.

जोडलेला भाग लगेच बसवू नका. एक अख्खी दुपार बंद गाडीत, डॅशबोर्डवर, कशाचाही आधार न देता ठेवा. संध्याकाळी हातात घेऊन हलकेच वाकवून बघा. सुटायचा असेल तर तिथंच सुटतो, पॅनेल पुन्हा उघडावं लागत नाही.