हँडबॉलपटूची कारकीर्द भित्तिपत्रकासाठी कशी लिहावी: मोमिर इलिच

पुण्यात शालेय हँडबॉलचे सामने जवळ आले की मी मुलांकडून भित्तिपत्रकासाठी एका परदेशी खेळाडूचा परिचय लिहून घेतो. त्यासाठी मला सर्बियाचा निवृत्त डावा बॅक (डाव्या बाजूने लांबून गोलावर मारा करणारा खेळाडू) मोमिर इलिच फार योग्य वाटतो, कारण त्याच्या कारकिर्दीत विजयाइतकेच पराभवही शिकवतात.

आधी नाव तपासावे. एका विद्यार्थिनीने सुवाच्य अक्षरात ‘इलिक’ असे लिहून आणले होते; तिने इंग्रजीच्या सवयीने ते वाचले होते. सर्बियन रोमन लिपीत ‘सी’ या अक्षरावर तिरकी रेघ असेल तर उच्चार ‘च’ होतो आणि काहीच खूण नसेल तर ‘त्स’; म्हणून आडनाव इलिच, पण जन्मगाव अरांजेलोवात्स. ती भाषाही आपल्यासारखीच लिहिल्याप्रमाणे वाचली जात असल्यामुळे अशी चार-पाच अक्षरे कळली की नावे देवनागरीत नीट उतरतात.

देश लिहिताना वर्ष पाहावे. इलिच १९८१ साली युगोस्लाव्हियात जन्मला. मॉन्टेनेग्रो २००६ मध्ये सर्बियापासून वेगळा झाल्यानंतरच सर्बियाचा स्वतंत्र संघ उभा राहिला.

क्लबचा हंगाम आपल्या शैक्षणिक वर्षासारखा दोन सालांत विभागलेला असतो, म्हणून ‘२००९-१०’ असेच लिहावे. इलिच जर्मनीतील गुमर्सबाख क्लबमधून २००९ मध्ये तिथल्याच कील क्लबात गेला, तेथे त्याने २०१० आणि २०१२ चे चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचे, विजेतेपद मिळवले आणि २०१३ पासून तो हंगेरीच्या वेस्प्रेम क्लबकडून खेळला.

मुख्य मजकूर दोन सामन्यांना द्यावा. जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सर्बियातच झाली. बेलग्रेडच्या अंतिम सामन्यात डेन्मार्कने यजमानांना २१-१९ असे हरवले, तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू इलिच ठरला. दुसरा सामना २०१६ चा, कोलोनमधील चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. पोलंडच्या किएल्त्से क्लबविरुद्ध वेस्प्रेम २८-१९ असे पुढे होते आणि साठ मिनिटांच्या खेळात जेमतेम पाव तास उरला होता. त्यानंतर वेस्प्रेमला एकच गोल करता आला, प्रतिस्पर्ध्यांनी दहा केले, आणि २९-२९, मग जादा वेळेत ३५-३५ अशी बरोबरी होऊन सात मीटरच्या फेकींवर (हँडबॉलमधील पेनल्टी) सामना ३९-३८ असा हातचा गेला. हे आकडे एकाखाली एक, मोठ्या अक्षरांत लिहावेत, म्हणजे नऊ गोलांची आघाडी कशी विरली हे वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. विजेतेपदांची नुसती यादी मुले वाचत नाहीत, या आकड्यांपुढे मात्र ती थांबतात.

शेजारी ४० बाय २० मीटरच्या मैदानाची आकृती काढून नऊ मीटरच्या तुटक रेषेबाहेर, डाव्या बाजूला, डाव्या बॅकची जागा दाखवावी. खाली एवढेच लिहावे: २०१९ मध्ये निवृत्त, २०२१ मध्ये त्याच वेस्प्रेमचा मुख्य प्रशिक्षक.