अवकाशातल्या शेतीच्या हिशेबात या चुका टाळा

लांब पल्ल्याच्या यानात झाडं लावली की हवा-पाणी-अन्न सगळं सुटलं, असं विज्ञान प्रदर्शनातली निम्मी मॉडेलं सांगतात. मॉडेल करणाऱ्यांनी (आणि गुण देणाऱ्यांनीही) जरा तपासून घ्यावं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या हिरव्या पानांकडे बघणं. माणसाला दिवसाला साधारण 0.84 किलो ऑक्सिजन लागतो. झाड तो देतं, पण उधारीवर. गव्हाचे दाणे खाल्ले आणि काड, मुळं कुजवली, की कुजवणारे जंतू त्यांच्या वाटचा ऑक्सिजन परत घेतात. काड तसंच ठेवलं तर ऑक्सिजन वाचतो, पण कार्बन आणि खत त्यात अडकून बसतात. मग पुढच्या पिकाला घालणार काय?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या बायोस्फिअर 2 या झाडं-शेतीसकट बंद केलेल्या प्रयोगाच्या इमारतीत हाच घोळ झाला. 1991 च्या सप्टेंबरात आठ जण आत गेले, दारं सील झाली. सुमारे सोळा महिन्यांत ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून 14 च्या आसपास आला आणि 1993 च्या जानेवारीत बाहेरून सोडावा लागला. सेंद्रिय खताने भरलेल्या मातीतल्या जंतूंनी तो संपवला होता. त्या मानाने कार्बन डायऑक्साइड मात्र वाढलेला दिसेना, कारण तो उघड्या काँक्रीटने शोषला होता! तेव्हा हिशेबात भिंतीही धरा.

लघवी थेट खत म्हणून दाखवू नका. तिच्यातलं मीठ पिकाला नको असतं, ते दर फेरीला साठत जातं.

पानांच्या कडेला थेंब आले, पानं वळली? पाणी जास्त झालंय. अवकाशात पाणी मुळांना चिकटून बसतं आणि हवा आपोआप खेळत नाही. 2015 च्या अखेरीस अवकाश स्थानकातल्या झिनियाच्या फुलझाडांना असंच पाणी जास्त होऊन बुरशी लागली. पंख्याचा वेग वाढवला, तर रोपं सुकायला लागली. शेवटी तिथले अंतराळवीर स्कॉट केली यांनी ठरल्या वेळापत्रकाऐवजी रोपं बघून पाणी द्यायला घेतलं आणि जानेवारीत फुलं आली.

ओंब्या आल्या पण दाणाच नाही? रशियाच्या मीर अवकाश स्थानकावर 1996-97 मध्ये गव्हाचं तसंच झालं. कारण निघालं इथिलीन, अढीत आंबे पिकवणारा वायू. तो बंद केबिनमध्ये साठतो. तेव्हा आधी हवेतलं इथिलीन मोजा, खताकडे नंतर वळा.