हेड उतरवायच्या आधी टॅपेट बघा

जुना ट्रॅक्टर सकाळी स्टार्ट व्हायला रडतो, ट्रॉली जोडली की ओढत नाही, सायलेन्सरमधून फट-फट येतं, की लगेच कुणीतरी सांगतं इंजिन बांधायला काढा. आमच्या सासवडच्या चार सिलिंडरवाल्या ट्रॅक्टरला पण हेच सांगितलेलं, आणि निघालं काय तर एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला (धूर बाहेर सोडणारा) टॅपेट गॅपच उरला नव्हता, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली बारीक फट.

आधी कोणता सिलिंडर मेलाय ते शोधा. स्लो रेसवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरासा सैल करायचा, ज्याने आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर बंद. हात लांब ठेवा, चष्मा घाला, डिझेलची धार कातडीत घुसते. मग शेजारचा इंजेक्टर तिथं लावून बघा, तरी तोच सिलिंडर मेलेला राहिला तर बहुतेक व्हॉल्व्ह नाहीतर पिस्टनची रिंग.

आता टॅपेट. इंजिन बंद, स्टॉप (डिझेल बंद करायचा दांडा) ओढलेला, कव्हर काढून पुलीने इंजिन हळूहळू फिरवा. 4 नंबरच्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय तिथं थांबा आणि 1 नंबर सेट करा. सिलिंडर 1-3-4-2 या क्रमाने पेटत असतील तर हलणारा आणि सेट करायचा यांची बेरीज 5 धरायची, म्हणजे 3 हलतोय तर 2. गॅप किती आणि थंड की गरम, ते तुमच्या इंजिनच्या पुस्तकातूनच घ्या. फिलर गेजची (गॅप मोजायची पातळ पट्टी) पट्टी गॅपमधून ओढताना बोटाला हलकी पकड लागली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू पण फिरतो, म्हणून परत पट्टी घालाच. रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर पट्टी खड्ड्यावरून जाते आणि खरा गॅप जास्त राहतो, ढिल्या टॅपेटची टिकटिक जात नाही.

टिकटिकीपेक्षा मला टाइट टॅपेटची जास्त भीती वाटते. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर बसल्यावर हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) जाते, तो पूर्ण मिटलाच नाही की कडा जळते आणि टिकटिक काहीच येत नाही.

पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) काचेवर लोळवून बघा, वाकडा लगेच कळतो. एवढं करूनही कॉम्प्रेशन नसेल तरच हेड काढा. पोर्टची (हवा-धुराच्या वाटांची) तोंडं वर येतील असं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओता, व्हॉल्व्हच्या कडेने झिरपलं तर पेस्ट लावून सीटवर घासायचा, कडा जळालेली असेल तर नवीनच, पुण्यात नाना पेठेत सामान मिळतं, जुना व्हॉल्व्ह सोबत न्या. गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) ढिला असेल तर तो आधी बदला आणि घासायचं त्यानंतर. बसवताना हेडचे नट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने, आणि हेड आवळलं की टॅपेट परत सेट करा, जुना गॅप चालत नाही.