‘फ्यू’ की ‘अ फ्यू’? थोडक्यासाठीचे इंग्रजी शब्द वापरताना या चुका टाळा

लोकांचा इंग्रजी मजकूर तपासून देणं हा माझा रोजचा उद्योग. मोठमोठ्या शब्दांवर माणसं फारशी अडखळत नाहीत, ते शब्दकोशात बघून घेतात. घसरतात ती ‘फ्यू’, ‘लिटल’, ‘सम’ असल्या चिल्लर शब्दांवर.

सगळ्यात जास्त छळलंय ते गाळलेल्या ‘अ’ने. मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे तो राहिला काय नि गेला काय, आपल्याला सारखंच. पण ‘अ फ्यू’ म्हणजे काही आहेत, आणि नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीतच. जे मोजता येत नाही त्याला हीच जोडी ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’.

एकदा ओळखीतल्या एका मुलाला शिफारसपत्र हवं होतं. मसुदा त्यानेच केला. त्याला घाई, आणि मीही वरवर नजर टाकून सही ठोकली. त्याला म्हणायचं होतं, हिशेबाच्या कामाचा थोडाफार अनुभव आहे. पत्रात होतं, ‘ही हॅज लिटल एक्स्पीरियन्स इन अकाउंट्स.’ म्हणजे याला हिशेबाचा अनुभव नाहीच म्हणा, आणि खाली माझी सही! मुलाखतीत त्याला विचारलं, ‘शिफारस करणाराच असं लिहितोय, मग आम्ही काय समजायचं?’ वाक्य व्याकरणात चोख, त्यामुळे संगणकाने लाल रेघ मारायचा प्रश्नच नव्हता. ‘रेघ नाही म्हणजे बरोबर’ असं मानणाऱ्यांपुढे मी तेव्हापासून हात टेकलेत.

आता मी मनातल्या मनात ‘च’ लावून बघतो. ‘थोडेच लोक आले’ म्हणायचंय? मग नुसतं ‘फ्यू’. ‘च’ खटकतोय? मग ‘अ’ हवा. ‘ओन्ली अ फ्यू’मध्ये ‘अ’ असूनही अर्थ थोडेच, कारण ‘च’चं काम ‘ओन्ली’ करतो. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क बरेच! बोलताना मी नुसत्या ‘फ्यू’च्या वाटेलाच जात नाही, ‘नॉट मेनी’ म्हणून मोकळा होतो.

दुसरं माझं दुखणं म्हणजे ‘टू-थ्री डेज’. आपलं ‘दोन-तीन’ झकास आहे, पण इंग्रजीत मध्ये ‘ऑर’ लागतो. ‘कॉल मी आफ्टर टेन-फिफ्टीन’ म्हणालात तर समोरचा सव्वादहानंतर फोन करेल. आणि ‘दोन-चार’चं ‘टू ऑर फोर’ तर मुळीच करू नका. त्याचा अर्थ दोन किंवा चार, तीन नव्हेत! तिथे ‘अ फ्यू’च बरा.

बाकीच्या किरकोळ. नकारात ‘सम’ नको, ‘एनी’ घ्या. पण प्रश्न आहे म्हणून डोळे मिटून ‘एनी’ही नको, कुणाला चहा विचारताना ‘सम टी’च म्हणतात. ‘सेव्हरल’ म्हणजे ढीगभर नव्हे, दोनांहून जास्त पण ‘मेनी’पेक्षा कमी. ‘अ कपल ऑफ डेज’ म्हणजे दोन दिवस, फार तर तीन. आठवडा उलटल्यावर हा शब्द पुढे करू नका. आणि ‘थोडी मुलं आली’ याचं ‘लिटल चिल्ड्रन केम’ करणारे अजून भेटतात. मुलं आली खरी, पण चिमुकली.