चादरीतला षटकोन उभट झाला तेव्हा

नववीत असताना मी एक षटकोन काढला आणि तो बिघडला. कागदावर नाही, कापडावर बिघडला.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट, आणि शेजारच्या खोलीत जेकार्डच्या चादरींचे ग्राफ काढणारे एक अण्णा बसायचे. ग्राफच्या कागदावर चौकटी रंगवायच्या, रंगलेली चौकट म्हणजे तिथं उभा धागा उचलायचा, त्या हिशोबानं कार्डांना भोकं पाडायची. मला त्यात सगळ्यात सोपं काय वाटलं असेल तर डिझाइन काढणं. मी शाळेच्या आलेख वहीत कंपासनं सुबक सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेला, षटकोन काढला, कडेच्या चौकटी भरल्या आणि अण्णांच्या मागं लागलो, एखाद्या नमुन्याच्या कोपऱ्यात घ्याच म्हणून. त्यांनी चौकटीला चौकट ठेवून तो जसाच्या तसा उतरवला. काही सांगितलं नाही. नमुना हातात आला तर माझा षटकोन उभट, वरखाली धरून ओढल्यासारखा.

त्या कापडात इंचाला उभे धागे जास्त आणि आडवे कमी बसत होते. समजा उभे ४० आणि आडवे ३०. मग चाळीस बाय चाळीस चौकटींचा चौरस रुंदीला एक इंच भरतो, उंचीला मात्र एक इंच आणि वर तिसरा हिस्सा. म्हणून डिझाइनवाले नेहमी चौरस घरांचा ग्राफ घेत नाहीत, कापडातल्या धाग्यांच्या प्रमाणात घरं लांबट किंवा आखूड असलेला घेतात. हे मला आधी सांगितलं असतं तर मी कंटाळून ऐकलंही नसतं.

मी तोंड पाडून उभा होतो. अण्णा म्हणाले, "कोपरे मोज."

"सहा."

"मग षटकोनच आहे की. रडतोस कशाला?"

आज मी घरीच शिकवण्या घेतो. शाळेची मुलं येतात, भरतीच्या परीक्षांची तयारी करणारेही येतात, आणि बहुभुजाकृती आली की मी अण्णांच्या त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. या धड्यात सगळा गोंधळ एकाच ठिकाणी होतो. काही गुणधर्म फक्त बाजू किती यावर ठरतात, काही बाजू-कोन सारखे आहेत का यावर. मुलं दोन्ही एकाच डब्यात भरतात. माझा षटकोन ताणला गेला तेव्हा त्याचं सुसमपण गेलं, प्रत्येक कोन १२० अंशांचा राहिला नाही. पण सहा कोनांची बेरीज ७२० च राहिली, कर्ण ९ च राहिले. समोरासमोरच्या बाजूसुद्धा समांतरच राहिल्या, कारण ताण सगळीकडे सारखा होता.

आधी बहुभुजाकृती कशाला म्हणायचं ते पक्कं करा. सरळ रेषाखंड, टोकाला टोक जोडून बंद झालेले, एकमेकांना मधे कुठं न छेदणारे. आपली कडक भाकरी गोल, म्हणजे ती नाहीच. तिचा तुकडा मोडला, दोन कडा अगदी पट्टीनं आखल्यासारख्या तुटल्या, तरी तिसरी कड गोल राहते. तोही नाही. आणि पेन न उचलता काढतो ती पाच टोकांची चांदणी? तिच्या रेषा मधे एकमेकींना कापतात, म्हणून तीही बाद.

मात्र त्या चांदणीची नुसती बाहेरची कड गिरवली तर ती चालते. तिला बाजू दहा, आणि पाच कोपरे आत दबलेले. अशा आकृतीला अंतर्वक्र म्हणतात. नवीन माणूस इथं हमखास घसरतो, कारण आत दबलेल्या कोपऱ्याचा आंतरकोन १८० पेक्षा मोठा असतो आणि तो नेमक्या उलट बाजूनं मोजला जातो. एकदा करून बघा. नीट काढलेल्या चांदणीचं टोक ३६ अंशांचं, पाच टोकांचे १८०. दबलेला कोपरा २५२ अंशांचा, पाचांचे १२६०. एकूण १४४०.

सूत्र काय म्हणतं? बाजूंच्या संख्येतून २ वजा करा आणि १८० नं गुणा. दहातून दोन गेले आठ, आठ गुणिले १८० बरोबर १४४०. आकृती चांदणीसारखी असो की दशकोनी बरणीच्या बुडासारखी, बेरीज तीच. हे २ कुठून आले ते एकदा हातानं केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. कागदाचा पंचकोन कापा, एका शिरोबिंदूपासून सगळे कर्ण काढा आणि त्यावर कात्री चालवा. तीन त्रिकोण पडतात. षटकोनाचे चार पडतात. प्रत्येकाचे १८०. बस, एवढंच आहे ते.

बाह्यकोनांसाठी कागद ठेवा आणि चप्पल घाला. घरातून निघून आपल्या गल्ल्यांच्या चौकोनाला फेरी मारा आणि परत दारात, निघताना तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. कोपऱ्यावर जेवढं वळलात तो तिथला बाह्यकोन, आणि वाटेतल्या सगळ्या वळणांची बेरीज एक पूर्ण गिरकी, ३६० अंश. गल्ल्या चार असोत की अकरा. वाटेत एखादं वळण उलट्या हाताला घ्यावं लागलं तर ते वजा धरायचं, मग अंतर्वक्र आकृतीलाही हिशोब जमतो. ही शेवटची गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती आणि त्यापायी मी बरेच दिवस वैतागलो होतो.

परीक्षेपुरता यातून एक सोयीचा रस्ता निघतो. सुसम बहुभुजाकृतीचा आंतरकोन दिला की बेरजेच्या सूत्राकडे जाऊच नका, आधी तो १८० मधून वजा करून बाह्यकोन काढा. १५० दिला, बाह्यकोन ३०, ३६० भागिले ३०, बाजू १२. १३० दिला तर बाह्यकोन ५०, आणि ३६० ला ५० नं भागल्यावर येतात ७.२. ७.२ बाजू कुणी पाहिल्यात? उत्तर 'अशी आकृती नाही' हेच, आणि पर्यायांत ते शेवटी दडवलेलं असतं.

सात बाजूंचं प्रकरण वेगळंच आहे. आपला सात रस्ता घ्या. त्या चौकातून सात रस्ते अगदी समान अंतरानं फुटले असते (प्रत्यक्षात तसं नाही, रिक्षावाल्याला विचारा) तर दोन रस्त्यांमधला कोन ५१ पूर्णांक ३/७ अंश आला असता. सुसम सप्तकोनाचा बाह्यकोनही तेवढाच. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन हा सप्तकोन बिनचूक काढताच येत नाही. तुमचा हात वाईट नाही, ते शक्यच नाही, आणि तशी सिद्धता आहे. उलट १७ बाजूंचा काढता येतो, हे जर्मन गणितज्ञ गाउसनं १७९६ मध्ये दाखवलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत १,२०,००० व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या सुसम आकृत्यांच्या बाजू दिल्या आहेत. पंचकोनाची ७०,५३४, षटकोनाची ६०,००० आणि सप्तकोनाची ५२,०५५. कॅल्क्युलेटरवर सप्तकोनाची ५२,०६६ येते. इतक्या मोठ्या वर्तुळात ११ चा फरक.

कर्णांसाठी फार बोलत नाही. प्रत्येक कोपऱ्यातून स्वतःला आणि दोन शेजाऱ्यांना सोडून बाकीच्यांकडे कर्ण जातो, आणि प्रत्येक कर्ण दोनदा मोजला जातो म्हणून निम्मे करायचे. अष्टकोनाला आठ गुणिले पाच, भागिले दोन, २० कर्ण. निम्मे करायला विसरणारे दर वर्षी निघतात.

'सुसम' शब्दावर मात्र थांबा. शंकरपाळ्याच्या चारही बाजू सारख्या असतात, कोन नसतात. दाराच्या चारही कोपऱ्यांत काटकोन असतो, बाजू सारख्या नसतात. दोन्ही सुसम नव्हेत. दुकानाचं चॅनेल गेट ओढताना त्यातल्या शंकरपाळ्यांकडे बघा, बाजू तशाच राहून कोन बदलत जातात म्हणून तर गेट मिटतं. त्रिकोणाचं असं होत नाही, तीन बाजू ठरल्या की कोन ठरले. जुन्या गिरणीचं पत्र्याचं छत तोलणारी कैची त्रिकोणांची का, ते यात आलं.

तो उभट षटकोनाचा नमुना अजून माझ्याकडे आहे, कडेचे धागे सुटलेत. नवीन मुलगा आला की मी तो आणि कोनमापक त्याच्या हातात देतो. कड पायऱ्यापायऱ्यांची आहे, त्यामुळे नेमके ७२० कुणाचेच येत नाहीत. ७१० ते ७३० च्या मधे आले की मी पुढचं पान काढतो.