डिलिव्हरीची तारीख कॅलेंडरवर कशी काढायची

शेवटची पाळी कधी आली, असं विचारलं की आमच्या ओपीडीत बऱ्याच जणी "महिन्याच्या मधातच" म्हणून मोकळ्या होतात. त्यावर हिशेब होत नाही. मग मी सणवार धरते. एकीला विचारलं, पोळा झाला होता का? तर म्हणे, "मारबत निघाली न जी सिस्टर, त्याच्या तीन दिवस आधी आली होती." मारबत, म्हणजे आमच्या नागपूरकडची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, 2025 साली 23 ऑगस्टला निघाली, म्हणजे पाळी 20 ऑगस्टची. पाळी सुरू झाली तो दिवस धरायचा, संपली तो नाही.

आता त्यात सात दिवस मिळवा: 27. पुढे नऊ महिने मोजा: 27 मे 2026. हे भरतात 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. (सासूबाई नऊ महिने नऊ दिवस म्हणतील. म्हणू द्या.) ऐन नवतप्यातली (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली) तारीख, तेव्हा कूलरचं आधीच बघा, हेही मी तिला सांगून टाकलं.

20 ऑगस्टला बुधवार होता, म्हणून तिचा आठवडा दर बुधवारी पूर्ण होतो. 1 जानेवारीला तिचे 19 आठवडे 1 दिवस झाले. डॉक्टरांना आठवडेच सांगा. "पाचवा लागला" यातून नेमकं काही कळत नाही.

या मोजणीत पहिले साधारण दोन आठवडे दिवस गेलेलेच नसतात. रिपोर्टमध्ये आठ आठवडे लिहिले तर गर्भ सहा आठवड्यांचा असतो. यावरून घरात भलत्या शंका निघतात, विशेषतः नवरा कामासाठी बाहेरगावी असला की. नवऱ्याला एकदा सोबत आणा, मी समजावते.

हा हिशेब 28 दिवसांनी पाळी येणारीचा. पाळी 35 दिवसांनी येत असेल तर तारखेत आणखी सात दिवस धरा. पाळीचा नेमच नसेल किंवा अंगावर दूध पाजतानाच दिवस गेले असतील, तर सोनोग्राफीशिवाय इलाज नाही. ती पहिल्या तीन महिन्यांत करा. तेव्हा गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात आणि तारीख सगळ्यात भरवशाची निघते. नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान पाळीच्या आणि सोनोग्राफीच्या तारखेत सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला, तर सोनोग्राफीची धरतात. त्याआधी केली असेल तर पाच दिवसांपेक्षा जास्त फरकही पुरतो.

पुढच्या रिपोर्टांवर वेगवेगळ्या तारखा येतील, कारण नंतर प्रत्येक बाळाची वाढ सारखी नसते. त्यासाठी ठरलेली तारीख बदलायची नाही. पहिला रिपोर्ट माता-बाल कार्डासोबत जपून ठेवा. तारखेच्या दोन आठवडे इकडेतिकडे झालं तर चालतं, पण 37 आठवड्यांच्या आधी कळा आल्या किंवा तारीख उलटली, तर घरी वाट पाहत बसू नका, लगेच दाखवा.