शेणकिड्यांच्या अभ्यासाला लागताय? आधी चिठ्ठी लिहायला शिका

माझ्या कपाटात एक काचेची बाटली आहे. आत अल्कोहोलमध्ये ३९ शेणकिडे उरलेत. पाय, मिशा, शिंगं, सगळं शाबूत. त्यातले काही गायरानावरचे, काही देवराईतले, काही काजूच्या बागेतले. कुठला कुठला ते मात्र, बरोबर ठिकाणाची चिठ्ठी नसल्यामुळे, मला सांगता येत नाही आणि आता कुणालाच सांगता येणार नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा माझा अख्खा जून या बाटलीत गेला.

कीटकांच्या सुमारे १० लाख जाती आजवर नोंदल्या गेल्यात, त्यातले साडेतीन-चार लाख भुंगेरेच (शेणकिडेही त्यातलेच), वगैरे तुम्ही वाचलेलं असणार. ते आकडे ऐकूनच मी या विषयात आले. पण काम सुरू झालं की आकडा बाजूला राहतो आणि समोर उरतो सापळ्यातला एक ओला, शेणाने माखलेला किडा. त्याचं पुढे काय करायचं, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

माझा विषय साधा होता. आजरा तालुक्यात गायरान, देवराई आणि काजूची बाग अशा तीन जागी शेणकिड्यांत काय फरक पडतो ते पाहायचं. प्रत्येक जागी दहा सापळे. प्लास्टिकचा पेला जमिनीत असा पुरायचा की त्याची कड मातीच्या पातळीला यावी. आत थोडं साबणाचं पाणी, वर कापडात बांधलेली ताज्या शेणाची पुरचुंडी, त्यावर पावसासाठी पत्रावळ. चोवीस तासांनी जाऊन सापडतील ते किडे अल्कोहोल भरलेल्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बुचाच्या बाटलीत भरायचे. तीस सापळे, तीस व्हायल. प्रत्येक व्हायलवर मी बाहेरून परमनंट मार्करने नंबर टाकला आणि वहीत त्या नंबरापुढे जागा लिहिली. वही अतिशय नीटनेटकी होती.

परतताना एसटीत एका व्हायलचं बूच सैल झालं आणि पिशवीत अल्कोहोल सांडलं. कोल्हापुरात येऊन पिशवी उघडली तर २२ व्हायल कोऱ्या. मार्कर पाण्याने जात नाही, अल्कोहोलने जातो. प्रयोगशाळेत काचेवरचा मार्कर आम्ही अल्कोहोलच्या बोळ्यानेच पुसायचो. म्हणजे मला ते ठाऊक होतं. नुसतं ठाऊक असून भागत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी रडले. मग ते सगळे किडे एका बाटलीत ओतले, कारण फेकून द्यायचं धाडस होईना.

तर आता नीट ऐका. चिठ्ठी व्हायलच्या आत टाकायची. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी ही चिठ्ठीच नव्हे. जाड कागद घ्यायचा आणि साध्या शिसपेन्सिलीने लिहायचं. बॉलपेन नको, जेलपेन तर नकोच. इंकजेट प्रिंटरची शाई विरघळते, लेझरची अक्षरंही पुढेमागे सुटून तळाला बसू शकतात. पेन्सिलीचं ग्रॅफाइट अल्कोहोलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. चिठ्ठी आधी टाकायची, किडे मागून. रानातच, सापळ्याशेजारी उकिडवं बसून. "खोलीवर गेल्यावर लिहू" हे वाक्य मनात आलं की समजा, घात झाला.

आणि नुसता नंबर लिहू नका. नंबर म्हणजे वहीवर टाकलेला भरवसा, आणि पावसाळ्यात वही भिजते, हरवते, बसमध्ये राहते. चिठ्ठीवर पूर्ण लिहा: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, जमल्यास वाडीही. नुसतं "वडगाव" लिहिलंत तर महाराष्ट्रात किती वडगावं आहेत ते मोजा एकदा. मग अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची रीत आहे, ती पाळा. ७/६ म्हणजे कुणाला सात जून वाटेल, कुणाला सहा जुलै. सापळा कसला, शेण म्हशीचं की गायीचं, भोवती गवत की झाडी. शेवटी तुमचं नाव. किडा टाचणीवर लावलात (भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पुढच्या पंखातून, हे माहीत असेलच) तर चिठ्ठी त्याच टाचणीत, किड्याच्या खाली. दोघांची ताटातूट कधीही करायची नाही.

एवढं लावून धरते, कारण किड्याचा रंग, शिंगं, पायांचे दाते शंभर वर्षांनीही पाहता येतात. ठिकाण आणि तारीख त्याच्या अंगावर कुठेच नसते. ती गेली की उरतं नुसतं मेलेलं चिलट.

ठिकाणाला एवढं महत्त्व का, हे मला कळलं ते एका म्हशी राखणाऱ्या आजोबांमुळे. मी वाळलेलं शेण उकरत बसले होते. ते म्हणाले, "बाळ, पो पडल्या पडल्या बघ की. वाळल्यावर काय बघतीस?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या म्हशीमागे गेले. पो पडला आणि दोन मिनिटांच्या आत मुगाएवढा पहिला किडा वाऱ्याच्या उलट दिशेने, नागमोडी उडत आला. धपकन गवतात पडला, पंख घडी करून पाठीखाली सारले आणि सरळ शेणात घुसला. पाठोपाठ दुसरा, पाचवा, विसावा. ऊन तापल्यावर लोटे, म्हणजे शेणाचा गोळा करून लोटत नेणारे किडे आले. डोक्याच्या फावड्याने लचका तोडायचा, पायांनी थापून गोल करायचा, मग डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, आणि उलटं चालत निघायचं. दुपारपर्यंत पो चाळणी झाला होता, भोवती ताज्या मातीचे ढीग. खाली खणलं तर बोगद्यांत शेणाचे गोळे ठेवलेले, एकेका गोळ्यात एकेक अंडं.

तेवढं शेण जमिनीत गेलं. खत मुळांपाशी पोचलं, बोगद्यांतून पावसाचं पाणी मुरलं, माश्यांना अंडी घालायला जागा उरली नाही. हे होत नाही तिथे काय होतं, ते ऑस्ट्रेलियाने भोगलं. १७८८ मध्ये तिथे गुरं नेली गेली. तिथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर वाढलेले, गायीचं पातळ शेण त्यांना आवरेना. कुरणं शेणाने झाकली आणि माश्या माजल्या. शेवटी १९६५ च्या सुमारास जॉर्ज बोर्नेमिस्झा या मूळच्या हंगेरीच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बाहेरून शेणकिडे आणण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ४० हून जास्त जाती सोडाव्या लागल्या. आपल्या गायरानावर हे काम कुणी न सांगता चाललेलं असतं. पण गुरांना दिलेल्या आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणातल्या अळ्या मरतात. मग कुठल्या गावात, कुठल्या वर्षी किती किडे होते, हे सांगायला चिठ्ठीशिवाय दुसरं काय आहे?

आता ओळखीबद्दल. फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅप फुलपाखरांना ठीक आहेत. पण ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांच्या एकाच गटाच्या जगभर दोन हजारांवर जाती आहेत आणि पुष्कळदा फरक नराच्या जननांगातच दिसतो. तिथे अ‍ॅपवर विसंबू नका. शिवाय एकाच जातीत मोठ्या नराला लांब शिंगं, लहान नराला नुसते उंचवटे, मादीला आणखी वेगळं. मी एका जातीच्या तीन केल्या होत्या. सगळ्यांच्याच होतात, घाबरू नका. अ‍ॅरो या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाचा १९३१ सालचा "फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया" मालिकेतला खंड घ्या. नावं पुष्कळ बदललीत, वर्णनं अजून कामाची आहेत. नाव लागत नसेल तर "ऑन्थोफॅगस, जात १" लिहा. त्यात कमीपणा नाही. चुकीचं नाव लिहिण्यात आहे.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत तिखट आहे. "पेपर कधी टाकतेस?" एवढंच विचारणाऱ्यापेक्षा, तुमच्याबरोबर एक दिवस चिखलात बसणारा माणूस शोधा, मग त्याला पदवी असो वा नसो. पेन्सिलीची गोष्ट मला आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी शिकवली. तीस वर्षं ते बाटल्यांतलं अल्कोहोल बदलत होते, कुठली अक्षरं टिकली आणि कुठली गेली ते त्यांनी रोज पाहिलेलं. मी त्यांना विचारलं ते सगळं होऊन गेल्यावर. तुम्ही आधी विचारा.

वेळेचंही सांगते. पहिल्या पावसाबरोबर किडे जमिनीतून वर येतात, त्या आठवड्यात तुम्ही जागेवर हवंच. (त्याच वेळी दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा तुमच्या यादीत घालू नका. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे.) अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय एकही सापळा लावायचा नाही. अर्ज उन्हाळ्याच्या आधीच करा, कागद फिरायला वेळ लागतो. परवानगी नसेल तर गावाच्या गायरानावर सुरुवात करा. मालकाला, गुराख्याला विचारून.

एक हंगाम बुडाला तर विषय सोडू नका. मी पुढच्या जूनमध्ये त्याच तीन जागी पुन्हा गेले. आजोबांनी विचारलं, "परत आलीस व्हय?" आणि पेले पुरायला स्वतः खड्डे काढून दिले.

बाटलीत आधी दीडशेच्या आसपास किडे होते. दर वर्षी नवीन मुली येतात, त्यातले काही घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जननांग सोडवून काढायचा सराव करतात. पहिल्या चार-पाचांचं वाटोळं होतं, मग हात बसतो. त्या कामाला ठिकाण लागत नाही.